रांगेत मागे राहिलेली

वरची वाडी, ता. पोलादपूर
४ मे २०२५

वैशाली,

आधी आशीर्वाद घे आणि मग पुढचं वाच. पुढचं वाचून राग आला तर आशीर्वाद घ्यायचा राहून जाईल.

पत्र लिहायचं कारण, फोनला तू येत नाहीस. फोन केला की अंकिता उचलते आणि "आई बाथरूममध्ये आहे, काकी" म्हणते. तीन वर्षं झाली याला. भरतच्या भांडुपच्या एवढ्याशा खोलीत इतकी वर्षं बाथरूममध्ये बसून तुला कंटाळा कसा येत नाही? पत्राला असं सांगता येत नाही. ते दारात येऊन पडतं आणि कोणाला तरी उचलावंच लागतं. शिवाय माझं अक्षर दिसलं की तू वाचणार, हे मला माहीत आहे. तेहतीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं मी याच अक्षरात लिहिली. पर्यवेक्षिका बाई ती दुसऱ्या सेविकांना नेऊन दाखवायच्या.

आता कामाचं. यंदा भातलावणीला ये.

खालच्या अंगाची दोन खाचरं भरतच्या वाट्याची आहेत, म्हणजे तुझी. तू गेल्यापासून तीही मीच लावून घेते. आपल्या वाडीत सावड अजून चालते. प्रत्येक घरातून एक बाई, आज यांच्या खाचरात, उद्या त्यांच्या. आपण राहतो एकत्र, पण वाटे दोन, म्हणून सावडीत आपली घरं दोन धरतात, तेव्हा बायाही दोन हव्यात. तीन पावसाळे त्या दोन बाया मी एकटीच आहे. सकाळी आपल्या घरची म्हणून आणि दुपारी तुझ्या घरची म्हणून उभी राहते. पासष्टाव्या वर्षी वाडीतल्या दुसऱ्या कोणाला हे जमून दाखवू दे. तेव्हा मला जमत नाही म्हणून तुला बोलावते असं मनातसुद्धा आणू नकोस. घर दोन भावांचं आहे आणि दोघींनी राखावं, एवढंच माझं म्हणणं.

त्या दिवसाचं तू अजून धरून बसलीस, असं भरत एकदा आमच्या ह्यांना म्हणाला. काय झालं असं मोठं? रांगेत जी मागे राहते तिची कोंडी होतेच. तू सून म्हणून आलीस त्या वर्षी माझीसुद्धा एकदा झाली होती. सगळ्या बाया पाठीमागे सरकत रोपं लावतात, एखादी रेंगाळली की तिच्या दोन्ही बाजूंच्या पुढे निघतात आणि तिच्या मागून आपल्या पाती, म्हणजे लावायचे पट्टे, जोडून घेतात. मग चारी बाजूंनी रोपं आणि मध्ये ती एकटी. उखाणा घेतला की सगळ्या मिळून तिला हात देऊन उचलून बाहेर काढतात. हसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा वाकायचं. आपल्या आजेसासवांपासून चालत आलेली गंमत आहे ही.

तू मात्र चिखलात बसलीस. बाया नाव घे, नाव घे म्हणत राहिल्या आणि तू तोंड उघडलं नाहीस. मग उठलीस आणि लावलेली रोपं तुडवत बांधावर गेलीस. लावलेलं तुडवताना मी जन्मात कोणा बाईला पाहिलं नव्हतं. घरी जाऊन पाय धुतलेस, पिशवी भरलीस, अंकिताचा हात धरलास आणि खाली फाट्यावर जाऊन एसटीला उभी राहिलीस. एकवीस वर्षं नांदलीस त्या घरातून निघताना मला "येते" म्हणाली नाहीस.

मी माफी मागायला लिहीत नाही. तुझ्या नवऱ्याचा शेंबूड पुसलेली बाई आहे मी. या घरात लग्न होऊन आले तेव्हा भरत चार वर्षांचा होता. पण तुला मागायची असेल तर ती पत्राने नको, लावणीच्या वेळी समोर येऊन माग. मी जास्त ताणणार नाही.

आमचे हे बरे आहेत. फणस यंदा भरपूर धरलाय.

तुझी थोरली जाऊ,
चंद्रभागा


३१ मे २०२५

वैशाली,

माझं पत्र तुला मिळालं आणि तू ते वाचून कपाटात साड्यांखाली ठेवलंस. अंकिताने सांगितलं. फाडलं नाहीस, तेव्हा दुसरं लिहायला हरकत नाही.

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठलं. वाडीतल्या अर्ध्या लोकांचे राब भाजायचे राहिले, रोपांच्या वाफ्यांवर पसरलेला वाळला पालापाचोळा ओला झाला आणि लोक कपाळाला हात लावून बसले. माझे राब एप्रिलमध्येच भाजून झाले होते. हे म्हणत होते, एवढी काय घाई. आता तेच लोकांना सांगत फिरतात की आमच्यात आधीच उरकलं.

मध्ये मी महाडला गेले होते. चष्म्याचं काम होतं. काम लवकर झालं, मग चवदार तळ्यापाशी थोडी बसले. मुद्दाम बसावं असं काही नव्हतं, गाडीला वेळ होता. येताना प्रयागबाई फाट्यावर भेटली. तुला आठवते तशीच आहे, सत्तरी ओलांडली तरी सावडीची रांग अजून तीच लावते आणि बोलण्यात कोणाला सोडत नाही. आम्ही दोघी चढण चढायला लागलो. आंब्यापाशी मी थांबले तर म्हणाली, "काय गो बाय, दम लागला?"

मी म्हटलं, "दम कसला? चपलेत खडा गेलाय."

पुढे देवळाच्या वळणावर पुन्हा थांबले. तिने काही विचारलं नाही. तिसऱ्यांदा पाण्याच्या टाकीपाशी थांबले तेव्हा म्हणाली, "लय खडे झाले गो तुझ्या चपलेत. नवी घे आता."

म्हातारीला नको तिथे बोलायची सवय आहे. चपला खरंच जुन्या झाल्या आहेत.

आता अंकिताबद्दल. पोरगी मोठी झाली आणि तोंडही मोठं झालं. मी तिला फोनवर म्हटलं, आईला सांग, लावणीला माणूस कमी आहे. तर म्हणते कशी, "काकी, आईला रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्या तेव्हा माणूस कमी होतं. तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी कुठे होते? मी इथे होते, तुझी खाचरं लावत होते! मला कोणी सांगितलं बाटल्यांचं? भरतने फोनवर ह्यांना एवढंच सांगितलं की वैशालीचं ऑपरेशन झालं, पिशवी काढली. कोणाला रक्त चढलं, किती चढलं, हे मला कसं कळणार? एवढ्या लांबून मला काय दिसतं?

हां, ऑपरेशनचं कळल्यावर मी म्हणाले होते की मुंबईचे डॉक्टर शिंक आली तरी पोट फाडतात. ते मी म्हणाले होते. आमच्या ह्यांनी ते भरतला सांगितलं असेल, त्यांच्या पोटात काही राहत नाही. ते मी म्हणायला नको होतं.

राब उगवून आलेत, दाट आहेत. रोपं कमी पडणार नाहीत. कमी आहे ती फक्त बाई. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या खाचरांची पाळी आहे, आधी कळव.

चंद्रभागा


१७ जून २०२५

वैशाली,

तुझं पत्र काल मिळालं. पोस्टमनने फाट्यावरच्या दुकानात ठेवलं होतं, हे घेऊन आले. ह्यांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, खुशाल आहेत. मग गोठ्यात जाऊन वाचलं. तिथून आत आले, पुन्हा वाचलं. आता पाठ झालंय, तरी इथे उतरून काढते, म्हणजे मी नीट वाचलं याची तुला खात्री पटेल.

"ताई, लावणीला मी येणार नाही. त्या दिवशी माझं रक्त साडेपाच होतं. त्याआधी चार महिने माझी पाळी थांबतच नव्हती. खाचरात मला समोरची रोपं दिसत नव्हती, नुसतं हिरवं दिसत होतं. मी कामचुकार नव्हते, मी दमले होते. तुम्ही वाडीभर फिरून बायांच्या पापण्या खाली ओढून बघत होतात, लोहाच्या गोळ्या वाटत होतात. एकाच घरात राहत होतो आपण. माझी पापणी एकदा बघायची होती. वैशाली."

आता ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही.

बघितली होती.

पापणी ओढून नाही, पण बघायचं ते सगळं बघितलं होतं. शिमगा झाला, त्यानंतरच्या दिवसांत एकदा तू ओटीवर तांदूळ पाखडत बसली होतीस. सुपातले कच्चे तांदूळ चिमटीने तोंडात टाकत होतीस. मी आतून बघत होते. बाई कच्चे तांदूळ, माती, खडू खायला लागली की तिचं रक्त कमी झालंय असं समजा, हे मी महिन्याच्या बैठकीत किती वेळा शिकवलंय! समोर बसलेल्या पोरींकडून म्हणून घेतलंय. आणि तुला मी काय म्हणाले? "आता काय लहान आहेस का, सगळं सूप खाऊन टाकशील." तू हसलीस आणि सूप बाजूला ठेवलंस.

मग एकदा तू मला चहाचा कप दिलास तेव्हा तुझी नखं पाहिली. पांढरी होती. तेव्हा माझी खात्री झाली. गोळ्यांची पाकिटं माझ्या ट्रंकेत होती, तुझ्या खाटेपासून चार पावलांवर.

का दिल्या नाहीत, हे मी स्वतःला इतके दिवस विचारू दिलं नाही. काल रात्री आणि आज सगळा दिवस तेच विचारलं. गोळ्या दिल्या असत्या तर तुला तपासायला न्यावं लागलं असतं. तपासलं असतं तर डॉक्टर म्हणाले असते, हिला झोपवा. आणि तू खाटेवर पडलीस असतीस तर स्वयंपाक, गुरं, दोन घरांची लावणी आणि माझी अंगणवाडी, सगळं माझ्यावर आलं असतं. लावणी होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी म्हटलं. लावणीनंतर तण काढायची बेणणी होती, बेणणीनंतर कापणी. मी काहीच बघितलं नसतं, वैशाली.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की रांगेत मागे राहणारीची कोंडी होतेच. जसं काही ती आपोआप झाली. तुझ्या डाव्या हाताला मी होते. तू मागे पडलीस हे सगळ्यात आधी मला दिसलं आणि उजवीकडच्या बाईला खूण करून तुझ्या मागून पात मीच जोडली. बाया हसल्या, त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आणखी एक सांगते, ते तुला पटो न पटो. तू चिखलात बसलीस तेव्हा मला तुझा भयंकर राग आला. तो राग रोपं तुडवल्याचा नव्हता, रोपं तू नंतर तुडवलीस. मलाही बसायचं होतं. सकाळपासून बसायचं होतं, खरं तर कितीतरी वर्षं बसायचं होतं, आणि तू सरळ बसलीस.

चुकलं माझं. मोठं चुकलं. पहिल्या पत्रात माफीबद्दल जे काही शहाणपण लिहिलंय ते खोडून टाक.

तू लावणीला येऊ नकोस.

चंद्रभागा


२ जुलै २०२५

वैशाली,

हे पत्र छोटं आहे. एक खोटं दुरुस्त करायचंय.

महाडला मी चष्म्यासाठी गेले नव्हते. रक्त तपासायला गेले होते. सात आलं. डॉक्टरने विचारलं, आजी, गुडघ्यासाठी गोळ्या घेता का? मी म्हटलं, घेते, मेडिकलवाला देतो त्या, चार वर्षं रोज. तो म्हणाला, त्या गोळ्यांनी पोटात जखम झालेली असणार, तिथून रक्त झिरपतंय, दुर्बीण घालून बघावं लागेल. आणि तोवर विश्रांती घ्या. मी त्याला विचारलं, विश्रांती घ्यायची म्हणजे नक्की काय काय करायचं? त्याला वाटलं मी थट्टा करते. मला खरंच माहीत नव्हतं.

ते मे महिन्यात झालं. गुडघ्याची गोळी त्याच दिवशी बंद केली, लोहाची चालू केली. दुर्बिणीला गेले नाही. लावणी होऊन जाऊ दे म्हटलं. बघ, तुझ्या बाबतीत म्हटलं होतं तेच स्वतःच्याही बाबतीत म्हटलं. निदान भेदभाव केला नाही.

इथे कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की हे घाबरणार आणि वाडीतल्या बाया कीव करणार, आणि कीव मला सहन होत नाही. तुला सांगते, कारण तुला हे काय असतं ते माहीत आहे. चढणीवर कानात घों घों होतं ना, तेच. सकाळी उठताना वाटतं की रात्रभर कोणीतरी आपल्याकडून काम करून घेतलंय.

मी दमले, वैशाली. हा शब्द मी माझ्या तोंडाने कधी काढलेला नाही, लिहायलाही आज दोनदा थांबले.

यातून तू काही करावंस म्हणून लिहिलेलं नाही. नऊ तारखेपासून आपली खाचरं आहेत. मी उभी राहीन. एवढं मला अजून जमतं.

चंद्रभागा


२३ जुलै २०२५

वैशाली,

तू मोठी फितूर निघालीस.

तीन वर्षं ज्या घरी फोन केला नाहीस त्या घरी आठ तारखेला संध्याकाळी फोन केलास, आणि तोही मला नाही, आमच्या ह्यांना. मी चुलीपाशी होते. हे अंगणात उभे राहून नुसतं "हां, हां" करत होते. मला वाटलं गुरांच्या दवाखान्यातून कोणाचा फोन आहे. आत आले ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "सात?"

मी म्हटलं, "काय सात?"

"वैशालीने सांगितलं," म्हणाले आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. पंचेचाळीस वर्षांत मी त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. तुझ्यामुळे तेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी खाचरात जाऊ देईनात. मी म्हटलं, आज सगळी सावड आपल्याकडे यायची आणि घरची बाईच नाही, हे मी मेल्याशिवाय होणार नाही. त्यांनी माझ्या चपला लपवून ठेवल्या. चिखलात जायला चपला कशाला लागतात, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला कळू नये! मी तशीच गेले.

आता खाचरातलं नीट सांगते.

आम्ही अकरा जणी होतो. प्रयागबाई मधोमध, माझ्या एका हाताला बयाबाई आणि दुसऱ्या हाताला पूजा. पूजा म्हणजे मालोजीची नवी सून, गेल्या वैशाखात आलेली. हाताला इतकी चपळ की तिच्याकडे बघूनच आपण म्हातारे झाल्यासारखं वाटतं. रोपांच्या पहिल्या दोन मुठी मी सगळ्यांच्या बरोबरीने लावल्या. तिसऱ्या मुठीला कानात सुरू झालं. कंबर सरळ करून वर बघितलं तर मी दोन हात मागे होते. म्हटलं, आता झाली आपली कोंडी. मनाची तयारीही केली, उखाणासुद्धा जुळवून ठेवला. पोरीबाळींसमोर तोंड पाडायचं नाही असं ठरवलं.

कोंडी झालीच नाही. मी मान खाली घालून लावत राहिले, पुन्हा वर बघितलं, तर सगळ्या माझ्या बरोबरीला. मला वाटलं माझा हात सुटला, मी त्यांना गाठलं. मोठी खूश झाले! आणखी थोड्या वेळाने लक्षात आलं की माझी पात अरुंद झालीय. इकडून बयाबाई माझ्यातली दोन रोपं लावत होती, तिकडून पूजा दोन. आणि प्रयागबाई, जी रांगेला कधी श्वास घेऊ देत नाही, ती मुद्दाम हळू चालली होती. अकरा बायांची रांग माझ्या चालीने मागे सरकत होती आणि कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं.

तू ह्यांना सांगितलंस, ह्यांनी रात्री प्रयागबाईला, आणि उजाडायच्या आत सगळ्या वाडीला कळलं. मी ज्यांच्यापासून दीड-दोन महिने लपवत होते त्या सगळ्यांना माहीत होतं. तुझ्या एका फोनने माझी कोंडी टळली, आणि तुझ्या डाव्या हाताला उभी असून तुझी मी केली होती.

मी मूठ खाली ठेवली. सरळ उभी राहिले. म्हटलं, "जरा थांबा गो सगळ्या. मला बोलायचंय."

प्रयागबाई म्हणाली, "आता काय भाषण करतीस? अंगणवाडी हाय का ही?"

मी म्हटलं, "वैशालीचं सांगायचंय." मग सगळं सांगितलं. तांदळाचं, नखांचं, ट्रंकेतल्या गोळ्यांचं, आणि पात कोणी जोडली त्याचं. चिखलात उभ्याने. पाऊस भुरभुरत होता, डोक्यावरच्या प्लास्टिकच्या कागदांवर वाजत होता, म्हणून मला जरा मोठ्याने बोलावं लागलं. हळू बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

मग बयाबाई म्हणाली, "आमी त्या पोरीला तीन वर्सं घमेंडखोर म्हनतो. देवळात, पान्यावर, सगळीकडं. तू ऐकत होतीस नि गप होतीस."

मी म्हटलं, "व्हय."

"हे बरं नाय केलंस," ती म्हणाली. बयाबाई माझ्या अर्ध्या वयाची आहे. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी तिच्या उशाशी होते. तरी बोलली, आणि मी ऐकून घेतलं.

प्रयागबाई बराच वेळ हातातली रोपं सारखी करत होती. मग म्हणाली, "माझी बी एकदा केली व्हती कोंडी, ल्योक पोटात व्हता तवा. मी हसले. सगळ्या हसत व्हत्या म्हनून हसले. घरी जाऊन रगत गेलं." एवढंच बोलली. तो मुलगा राहिला नाही हे आम्हाला माहीत होतं. कशाने ते चाळीस वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं. मग पूजाकडे बघून म्हणाली, "आपल्या वाडीत आता कोंडी बंद. मागं राहील तिच्या पातीत हात घालायचा. कळलं?"

पूजा म्हणाली, "मला तर ती करतात कशी तेच म्हाईत नाय."

"म्हाईत नाय तेच बरं," प्रयागबाई म्हणाली आणि मला बांधावर नेऊन बसवलं. मी बसले, वैशाली. भर दिवसा, सगळी सावड वाकलेली असताना, चहाचा कप हातात घेऊन बांधावर बसले. पहिली पाच मिनिटं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बरं वाटायला लागलं. तुझी दोन्ही खाचरं त्यांनी चार वाजायच्या आत लावून दिली.

दुर्बीण परवा झाली, महाडला. जखम आहे, औषधाने भरेल म्हणाले. हे बरोबर होते आणि डॉक्टरला माझ्यापेक्षा जास्त प्रश्न त्यांनी विचारले. काल पुन्हा तपासलं तर रक्त नऊला आलंय. तेव्हा तू ह्यांना रोज फोन करून माझी चौकशी करतेस ती आता मला केलीस तरी चालेल. मी काही बाथरूममध्ये नसते.

आणि आता बोलावणं. लावणीला ये म्हणत होते ते मी मागे घेतलंय. पुढचा विचार केला. बेणणीला ये म्हणू? गौरीला म्हणू, तर तू आलीस की पदर खोचून भाकऱ्या थापायला बसशील. कापणीला तर नकोच. कामाशिवायचा महिना शोधायला बसले तर आपल्याकडे तसा महिनाच सापडेना. एकवीस वर्षं तू या घरात होतीस आणि तुला इथे दुपारची आडवी पडलेली मी एकदाही पाहिलं नाही. मी पडू दिलं नाही.

म्हणून येताना काम बघून येऊ नकोस. कुठल्याही वारी ये, मनात येईल तेव्हा ये. अंकिताला आण, नाही तर एकटी ये. माझ्यावरचा राग संपला असेल तर ये आणि संपला नसेल तर तो घेऊन ये, घर मोठं आहे. माजघरातली खाट रिकामी केलीय, गोधडी उन्हात घालून ठेवलीय. जेव आणि झोप. दिवेलागणीपर्यंत झोप, दुसऱ्या दिवशीही झोप. वाडीतल्या बाया तुला भेटायला येणारच, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. मी दारात बसलेली असेन. त्यांना सांगेन, हळू बोला गो, माझी जाऊ झोपली हाय.

चंद्रभागा